कामाच्या गर्दीतही टिकणारी स्वतःची काळजी

कामाचा डोंगर उभा राहिला की माणूस सगळ्यात आधी काय सोडतो? काम तर सोडता येत नाही. मग झोपेतला एक तास जातो. रोजचं चालणं जातं. मैत्रिणीचा फोन ‘नंतर करते’ म्हणून राहतो, तो राहतोच. जेवण स्क्रीनसमोर उरकलं जातं. ज्या गोष्टींनी थकवा उतरायचा, नेमक्या त्याच थकव्याच्या दिवसांत बंद पडतात. कामानंतर माणूस पुन्हा ताजातवाना कसा होतो, यावर जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं आहे. २०१८ साली त्यांनी या विसंगतीला ‘रिकव्हरी पॅरडॉक्स’ असं नाव दिलं. ताण वाढला की सावरण्याची गरज वाढते, आणि सावरणं मात्र नेमकं तेव्हाच कमी होतं.

सेल्फ-केअरबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बरंचसं मला इथेच अडखळताना दिसतं. हाताशी मोकळा वेळ, डोक्याला शांतता आणि अंगात उत्साह असलेल्या माणसासाठीच्या त्या सूचना असतात. असा माणूस मुळात बरा चाललेला असतो. ज्याच्याकडे यातलं काहीच शिल्लक नाही, त्याचं काय? म्हणून इथे चांगल्या सवयींची यादी न देता आधी शरीरात काय घडतं ते पाहू, आणि मग ओढाताणीच्या आठवड्यातही काय तग धरू शकतं ते पाहू.

स्वतःची काळजी म्हणजे नक्की काय

जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या बरीच व्यापक आहे. आरोग्य राखणं, आजार टाळणं, झालेल्या आजाराला किंवा अपंगत्वाला तोंड देणं, हे सगळं माणसाने, कुटुंबाने आणि समाजाने आरोग्यसेवकाच्या मदतीने किंवा त्याच्या मदतीशिवाय करू शकणं, म्हणजे सेल्फ-केअर. संघटनेने याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली. त्याआधी कितीतरी वर्षं परिचर्या क्षेत्रात हा विचार रुजलेला होता. अमेरिकन परिचारिका आणि अभ्यासक डोरोथिया ओरेम यांनी १९७१च्या आपल्या ग्रंथात परिचर्येची मांडणीच या पायावर केली: माणूस स्वतःसाठी जे करत असतो, ते करणं आजारपणात जमेनासं झालं की तेवढ्यापुरती परिचारिका मदतीला येते.

म्हणजे वेळेवर दात घासणं, चष्म्याचा नंबर तपासून घेणं, रक्तदाबाची गोळी न चुकता घेणं, लस घेणं, हे सगळं यात आलं. यातलं काहीच फोटो काढण्यासारखं नाही. सुगंधी मेणबत्त्या आणि महागडी क्रीमं यांना सेल्फ-केअर म्हणून विकणं सोपं जातं, कारण त्या विकता येतात. रात्री वेळेवर दिवा मालवणं विकायचं कसं? क्रीम लावून बरं वाटत असेल तर जरूर लावावं. पण उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्या लोकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं, आणि तो बहुधा कसलीच जाणीव न देता वाढतो. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं या यादीत फार वर असायला हवीत.

ताण वाईट नसतो, तो न उतरणं वाईट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवलं, की धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. ॲड्रेनॅलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं. पाठोपाठ मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पियुषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी अशी साखळी हलते आणि कॉर्टिसॉल रक्तात येतं. हे संप्रेरक उगीचच बदनाम झालं आहे. त्याच्याशिवाय आपण सकाळी धड उठूही शकणार नाही. जाग आल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी दिवसातल्या सर्वांत वरच्या टोकाला जाते, मग दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोचते. परीक्षा, भांडण, ऐनवेळचं काम अशा प्रसंगी ती मधेच चढते आणि प्रसंग सरला की खाली येते. यात काही बिघाड नाही. शरीर त्यासाठीच घडलेलं आहे.

बिघाड होतो तो ती खाली न आल्यामुळे. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ साली ‘ॲलोस्टॅटिक लोड’ ही कल्पना मांडली. सोप्या शब्दांत सांगायचं तर, बदलत्या परिस्थितीशी सतत जुळवून घेताना शरीराची जी झीज साठत जाते, तिचा हा हिशोब. ती साठण्याचे मार्ग वेगवेगळे. कधी ताणाचे प्रसंगच एकामागून एक येतात. कधी त्याच त्या प्रसंगाची सवय व्हायला हवी, ती होत नाही. आणि कधी प्रसंग संपूनही शरीराला तो संपल्याचं कळत नाही: गाडी जागेवर उभी आहे, पण इंजिन चालूच. अशी झीज वर्षानुवर्षं साठली तर रक्तदाब, रक्तातली साखर, पोटाभोवतीची चरबी, झोप, स्मरणशक्ती या सगळ्यांवर तिचा परिणाम होतो.

यातला तिसरा मार्ग आपल्या कामाचा आहे, कारण त्यावर थोडाफार आपला हात चालतो. वरिष्ठांनी दुपारी चार वाजता काहीतरी बोललेलं असतं, आणि रात्री दहा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या आपण त्यांना अजून उत्तरं देत असतो. खोलीत कोणी नसतं. तरी हृदयाचे ठोके वाढलेले असतात, कारण शरीराच्या दृष्टीने घडलेला प्रसंग आणि मनात घोळवलेला प्रसंग यांत फारसं अंतर नसतं. प्रत्यक्षातलं बोलणं दोन मिनिटांचं होतं, शरीराने मात्र सहा तास भोगलं.

तेव्हा रोजच्या काळजीचं मुख्य काम ताण टाळणं हे नाहीच. दिवसातून काही वेळा हे चढलेलं सगळं खाली उतरू देणं, एवढंच तिचं काम. हे मान्य केलं तर ‘माझ्या आयुष्यात ताणच इतका आहे, मी काय काळजी घेणार’ हा अडसर बराच हलका होतो.

काही न करणं आणि विश्रांती

उतरण्याची सगळ्यांत जवळची वाट श्वासातून जाते. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वेगाने पडतात आणि बाहेर सोडतो तेव्हा मंदावतात. हे प्रत्येकाच्या शरीरात अखंड चालू असतं, मनगटावर बोटं ठेवून सावकाश श्वास घेतला तर काहींना जाणवतंही. म्हणून उच्छ्वास लांबवला की ठोके उतरण्याचा काळ लांबतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांनी महिनाभर रोज ५ मिनिटं श्वासाचे वेगवेगळे प्रकार केले. नाकाने एक श्वास, त्यावर आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने लांब सावकाश उच्छ्वास, असा प्रकार करणाऱ्यांची मनःस्थिती तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. ध्यान वाईट, असा याचा अर्थ नाही. पण डोळे मिटून बसलं की ज्यांच्या डोक्यात आणखी गोंधळ माजतो (आणि अशी माणसं पुष्कळ आहेत), त्यांना ही वाट सोपी जाते.

पण संध्याकाळच्या दोन-तीन तासांचं काय? इथे सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांचं २००७ सालचं काम उपयोगी पडतं. माणूस कामातून कशाने सावरतो हे शोधताना त्यांनी कृतींऐवजी अनुभव पाहिले. पोहणं बरं की वाचन, असा प्रश्न न विचारता, ते करताना माणसाच्या आत काय होतं हे विचारलं. त्यातून चार अनुभव पुढे आले. पहिला, कामापासून मन खरोखर सुटणं. नुसतं शरीराने घरी येणं पुरत नाही. दुसरा, शरीर-मन सैलावणं. तिसरा थोडा अनपेक्षित: काहीतरी नवं किंवा अवघड जमू लागणं, मग ते वाद्य असो, भाषा असो, की सुतारकाम. आणि चौथा, या वेळात काय करायचं ते मी ठरवलं, ही भावना.

हे चार अनुभव हाती धरून आपली नेहमीची संध्याकाळ तपासली तर बरंच काही उलगडतं. अंगठ्याने फोनचा पडदा वर सरकवत तास गेला, तेव्हा शरीर सोफ्यावर आडवं होतं, म्हणजे सैलावणं थोडंफार झालं. मन कामापासून सुटलं का? मधे दोनदा ऑफिसच्या ग्रुपवर नजर गेली, तेव्हा नाही. काही जमू लागलं का? नाही. आणि तो तास आपण ठरवून घालवला होता का? बहुतेकदा तोही आपला नसतो, पुढे काय दिसणार हे दुसरंच कोणी ठरवत असतं. म्हणून तासभर ‘आराम’ करूनही माणूस उठतो तो आंबलेलाच. याउलट दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस संध्याकाळी तास-दीड तास बॅडमिंटन खेळतो, घामाघूम होतो, आणि तरीही ताजा होऊन परततो. खर्च झालेल्या शक्तीचा हिशोब लावला तर हे उलटं वाटतं. चार अनुभवांच्या हिशोबाने ते अगदी बरोबर आहे.

मनोरंजनाबद्दल मला सोवळं पाळायचं नाही. ठरवून, एक मालिका लावून, तिचे दोन भाग बघून टीव्ही बंद करणारा माणूस विश्रांतीच घेतोय. फरक ठरवण्यात आहे.

लहान मुलं किंवा आजारी माणूस घरात असेल तर चौथा अनुभव जवळपास नाहीसा होतो, आणि तोच सगळ्यांत जास्त लागतो. दिवसाचा एकही तुकडा आपला नसणं हे कष्टांहूनही जास्त थकवतं. अशा घरात ‘स्वतःसाठी एक तास काढा’ हा सल्ला टोचतो. इथे तास काढायला कोणीतरी दुसऱ्याने तो तास उचलावा लागतो: जोडीदाराने, भावंडाने, शेजाऱ्याने. म्हणजे ही काळजी नावाने स्वतःची असली तरी तिची सुरुवात दुसऱ्याला स्पष्ट शब्दांत विचारण्यापासून होते. ‘जरा मदत करत जा’ यापेक्षा ‘मंगळवारी आणि शुक्रवारी सात ते आठ आईजवळ तू बस’ हे वाक्य जास्त कामाचं.

कामाच्या मधल्या छोट्या सुट्टीबद्दल थोडक्यात. १० मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीवरचे अनेक प्रयोग एकत्र करून २०२२ साली एक विश्लेषण झालं. त्यात अशा सुट्टीने उत्साह वाढतो आणि थकवा कमी होतो हे दिसलं. काम मात्र दर वेळी सुधारतंच असं दिसलं नाही. डोकं पिळणाऱ्या कामानंतर एवढीशी सुट्टी पुरत नाही. तरीही घ्यावी, कारण आपण फक्त काम सुधारण्यासाठी जगत नाही.

झोपेचा हिशोब माणसाला स्वतः कळत नाही

बाकी सगळ्या गोष्टींत थोडंफार इकडेतिकडे चालतं. झोपेबाबत मी हट्टी आहे, आणि त्याला कारण आहे २००३ सालचा एक प्रयोग. हान्स व्हॅन डाँगन, डेव्हिड डिंजिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना १४ दिवस प्रयोगशाळेत ठेवलं. काहींना रात्री ८ तास झोपू दिलं, काहींना ६ तास, काहींना ४. लक्ष, प्रतिसादाचा वेग, स्मरण यांच्या चाचण्या रोज घेतल्या. ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि दोन आठवड्यांअखेर ती दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीपर्यंत आली. खरी मेख पुढे आहे. ‘तुम्हाला किती झोप येतेय?’ या प्रश्नाला त्यांची उत्तरं सुरुवातीचे काही दिवस वाढली आणि मग जवळपास तिथेच थांबली. मेंदू घसरतच होता आणि माणसाला वाटत होतं, आता सवय झाली.

‘मला सहा तास पुरतात’ असं सांगणाऱ्याला आपण खोटारडा म्हणू शकत नाही. त्याला खरंच तसं वाटत असतं. मोजण्याचं यंत्रच झोपेअभावी बिघडलेलं असलं, तर त्याच्या आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? प्रौढांनी नियमितपणे ७ तास किंवा जास्त झोपावं, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्र येऊन केली. सुट्टीच्या दिवशी गजर न लावता तुम्ही दोन-तीन तास जास्त झोपत असाल, तर आठवडाभराची उधारी तिथे दिसते.

झोप दोन गोष्टींच्या मेळाने लागते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि झोपेची ओढ वाढवतो. दुसरीकडे शरीराचं घड्याळ चालू असतं, आणि ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून वेळ लावून घेतं. या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅफिन काय करतं? ॲडेनोसिन जिथे जाऊन बसायचं त्या जागा ते अडवतं. ओढ नाहीशी होत नाही, फक्त जाणवेनाशी होते. आणि घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायलाच सरासरी पाचएक तास लागतात. कोणाला कमी, कोणाला बरेच जास्त. झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही झोप तासाभराहून जास्त कमी झाल्याचं २०१३च्या एका अभ्यासात आढळलं.

यातून निघणारे उपाय रुक्ष आहेत. उठण्याची वेळ रोज साधारण एकच ठेवायची, सुट्टीच्या दिवशीही. झोपण्याच्या वेळेपेक्षा ती पाळणं सोपं, कारण झोप आणता येत नाही, पण उठता येतं. उठल्यावर लवकर दिवसाचा उजेड डोळ्यांवर येऊ द्यायचा. रात्री घरातले दिवे मंद करायचे. आणि ज्यांचं डोकं उशीवर टेकलं की उद्याच्या कामांची रांग लागते, त्यांनी झोपण्याआधी ५ मिनिटं ती कामं कागदावर उतरवायची. हे नुसतं आजीच्या बटव्यातलं नाही. २०१८ साली मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर हे करून पाहिलं. उद्याची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी ९ मिनिटं लवकर झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर लागली.

व्यायामाबद्दल सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून आकडे सांगून पुढे जाऊ. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस आहे. त्यातच म्हटलंय, की थोडीशी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा बरी. दिवसाला १०,००० पावलांचा आकडा १९६०च्या दशकात जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या विक्रीतून आला आहे. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९च्या एका मोठ्या अभ्यासात २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका स्पष्टपणे कमी दिसला, आणि ७,५००च्या आसपास पुढचा फायदा सपाट झाला. म्हणजे दहा हजार न झाल्याने दिवस फुकट गेला असं वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आणि माणसं. या यादीत त्यांचं नाव बहुधा शेवटी येतं किंवा येतच नाही, कारण सेल्फ-केअर म्हटलं की एकट्याने दार लावून करायची गोष्ट डोळ्यांपुढे येते. २०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास, म्हणजे तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली. ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. मित्राला फोन करणं हे सुद्धा काळजीतच धरायचं, काळजीतून वेळ उरला तर करायचं काम म्हणून नव्हे.

वाईट आठवड्यासाठीचं माप

आता मूळ अडचणीकडे. हे सगळं पटतं, आणि तरी टिकत नाही.

२१ दिवसांत सवय लागते, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहराही गळाला. प्रत्यक्ष मोजणी केली ती लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी १२ आठवडे एकेक नवी छोटी कृती रोज करायचा प्रयत्न केला. ती आपसूक होऊ लागण्याच्या टप्प्यापर्यंत पोचायला सरासरी ६६ दिवस लागत होते, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस, असा अंदाज निघाला. साध्या कृती लवकर बसल्या, व्यायामासारख्या उशिरा. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

चौथ्या आठवड्यात ‘अजून मला रोज स्वतःला ढकलावं लागतंय’ असं वाटत असेल, तर तुमच्यात काही कमी नाही. वेळच व्हायची आहे.

ढकलण्याची गरज कमी करता येते. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने नुसता निश्चय आणि ‘कधी-कुठे-काय’ ठरवलेला निश्चय यांची तुलना केली. ‘मी जास्त चालणार आहे’ हा पहिला प्रकार. ‘दुपारचं जेवण झालं की मी जिन्याने खाली उतरून इमारतीला एक फेरी मारणार’ हा दुसरा. दुसरा प्रकार बराच जास्त पार पडतो, हे पुढे ९४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही दिसलं. कारण त्यात निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. थकलेल्या माणसाला कृतीपेक्षा निर्णय जड जातो. एखादा प्रसंग (जेवण संपणं, दात घासून होणं, लॅपटॉप मिटणं) रोज येतोच, आणि त्याच्या शेपटीला पुढची कृती बांधता येते.

पण रिकव्हरी पॅरडॉक्सला एवढंही पुरत नाही. माझ्या मते प्रत्येक सवयीची दोन मापं आधीच ठरवून ठेवावीत: एक नेहमीच्या दिवसाचं आणि एक बिघडलेल्या दिवसाचं. अर्धा तास चालणं हे नेहमीचं, दारापर्यंत जाऊन पाच मिनिटं बाहेर उभं राहणं हे बिघडलेल्या दिवसाचं. मैत्रिणीशी निवांत गप्पा हे नेहमीचं, ‘या आठवड्यात फार गडबड आहे, पण तुझी आठवण आली’ एवढा संदेश हे दुसरं. छोटं माप शांत डोक्याने, बरा दिवस असताना ठरवायचं. गर्दीत सापडल्यावर डोकं ‘आज राहू दे’ एवढंच सुचवतं. आणि ते इतकं छोटं हवं की ते न करण्याचं कारण सांगताना आपलं आपल्यालाच हसू यावं.

तरीही खंड पडतो. मग माणूस स्वतःवर चिडतो, आणि त्या चिडण्यालाच शिस्त समजतो. कॅनडातल्या एका विद्यापीठात २०१० साली मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की पहिल्या परीक्षेआधी अभ्यासाची चालढकल केलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. स्वतःला दोष देत बसणं क्लेशदायक असतं, आणि क्लेश देणारी गोष्ट माणूस टाळतो; मग ज्या कामावरून दोष दिला ते कामही टाळलं जातं. खंड पडला तर दुसऱ्या दिवशी छोट्या मापाने पुन्हा सुरू करायचं. राहिलेल्याची भरपाई म्हणून दुप्पट करायला जाऊ नये, त्यानेच तिसरा दिवसही चुकतो.

जिथे हे उपाय पोचत नाहीत

रोज बारा तास काम, सुट्टीच्या दिवशीही फोन, आणि वर कंपनीकडून ध्यानाच्या ॲपचं मोफत सदस्यत्व. हा विनोद अनेकांनी अनुभवला असेल. विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ साली निष्कर्ष मांडला, की ॲप, ध्यान, ताण-नियोजनाची प्रशिक्षणं अशा एकेकट्या माणसावर रोखलेल्या उपक्रमांत भाग घेतलेले लोक, न घेतलेल्यांपेक्षा बरे दिसत नव्हते. स्वयंसेवेची संधी हा एक अपवाद निघाला. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारणाबद्दल ठाम बोलता येत नाही, पण दिशा समजण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली घटना म्हटलं: कामाच्या ठिकाणचा दीर्घ ताण नीट हाताळला न गेल्याने येणारा थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. त्यातला दीर्घ ताण तसाच ठेवून फक्त श्वास मोजत बसणं फार दूर नेत नाही. कामाचा भार, मुदती, माणसांची संख्या यांबद्दल बोलणं, सुट्टी मागणं, कधी नोकरी बदलण्याचा विचार करणं, हेही स्वतःची काळजी घेणंच आहे, आणि प्रत्येकाला ते परवडतंच असं नाही हेही खरं.

दुसरी हद्द आजाराची. मन सतत उदास असणं किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न वाटणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडणं, हे दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा चांगल्या सवयींची वाट न पाहता डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि तातडीची मदत घ्यायची. आठवडेच्या आठवडे पुरेसं झोपूनही न जाणारा थकवा हे रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकणं यांचंही लक्षण असू शकतं, त्यामुळे आधी साधी शारीरिक तपासणी होऊन जाऊ दे. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय सांगायचं ते आठवत नाही, म्हणून जाण्याआधी कागदावर लिहावं: हे कधीपासून चालू आहे, झोपण्या-उठण्याच्या वेळा काय आहेत, कोणती औषधं चालू आहेत, आणि रोजची कोणती कामं आता जमेनाशी झाली आहेत. बोलवत नसेल तर तो कागद तसाच पुढे केला तरी चालतो.